भट्टीतलं आईस्क्रीम

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बर्फाची वखार होती. लग्नसराईत तिथून हातगाडीवर लाद्या निघायच्या आणि प्रत्येक लादीवर लाकडाचा भुसा थापून वर गोणपाट टाकलेलं असायचं. ऐन मे महिन्यात बर्फाला पांघरूण! त्याला थंडी वाजते का, असं मी आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "अरे, गोधडी कुणाला ऊब देत नसते. ती नुसती आडवी येते. तुझी ऊब तुझ्यापाशी ठेवते, त्याचा गारवा त्याच्यापाशी."

बेक्ड अलास्का समजायला आजोबांचं एवढं बोलणं पुरेल. पुढचं सगळं तपशिलाचं आहे, पण हा पदार्थ फसतो तो तपशिलातच, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी पदार्थ कसा असतो ते सांगतो. तळाला स्पंज केकची चकती, तिच्यावर आईस्क्रीमचा घुमट, आणि या दोघांना चहूबाजूंनी झाकणारा मेरँगचा जाड थर. मेरँग म्हणजे अंड्याचा पांढरा भाग साखर घालून फेटून केलेला चमकदार, घट्ट फेस. हे सगळं बिऱ्हाड २३० अंश सेल्सिअसला तापलेल्या ओव्हनमध्ये तीन-चार मिनिटं ठेवायचं. बाहेर काढलं की फेसाची टोकं बदामी झालेली असतात, वरचा थर कोमट आणि मऊ असतो, आणि सुरी घातली की आत आईस्क्रीम जसंच्या तसं.

दोघांच्याच खास जेवणासाठी मी हा पदार्थ सुचवतो. दिसायला तो भपकेबाज आहे हे खरं, पण माझं कारण वेगळं आहे. नव्व्याण्णव टक्के काम आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळीच उरकतं. ज्या संध्याकाळी समोरच्या माणसाशी निवांत बोलायचं, त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात घामाघूम होऊन उभं राहण्यात काय अर्थ आहे? इथे जेवण झाल्यावर पाच मिनिटं उठायचं आणि ताटलीत बर्फाचा डोंगर घेऊन परत यायचं.

नावाची गोष्ट थोडक्यात. अमेरिकेने १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलर्सना अलास्का विकत घेतलं. परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड यांनी हा सौदा केला आणि त्यावर भरपूर टिंगल झाली: एवढे पैसे मोजून बर्फ कशाला घ्यायचा? न्यूयॉर्कच्या डेल्मॉनिकोज या नामांकित रेस्टॉरंटमध्ये त्या काळात चार्ल्स रॅनहॉफर हा फ्रेंच शेफ होता. त्याने १८९४ मध्ये छापलेल्या आपल्या जाडजूड पाककृतींच्या पुस्तकात हा पदार्थ 'अलास्का, फ्लोरिडा' या नावाने दिला. एक राज्य गोठलेलं, दुसरं उन्हाळी, दोन्ही एका ताटलीत. त्याच्या आईस्क्रीममध्ये अर्धं व्हॅनिला होतं आणि अर्धं केळ्याचं. फ्रान्समध्ये याच पदार्थाला 'नॉर्वेचं ऑमलेट' म्हणतात, आणि हाँगकाँगच्या जुन्या रेस्टॉरंटांत पेटवून आणतात तेव्हा 'ज्वाळांचा हिमपर्वत'. मला विचाराल तर हाँगकाँगवाल्यांनी बाजी मारली.

आईस्क्रीम वितळत का नाही

कुठल्याही वस्तूला उष्णता पोचवायची तर कुणीतरी ती वाहून न्यावी लागते. तांबं हे काम धावत करतं, पाणी चालत करतं, आणि हवा जवळजवळ करतच नाही. स्थिर हवेची उष्णता वाहण्याची क्षमता पाण्याच्या सुमारे तेविसावा भाग आहे, आणि तांब्याशी तुलना केली तर पंधरा हजारावा भाग. यातला 'स्थिर' हा शब्द महत्त्वाचा. मोकळी हवा गरम झाली की वर जाते, तिची जागा गार हवा घेते आणि या फिरण्यातून उष्णता इकडची तिकडे होते. तीच हवा लहान लहान कप्प्यांत कोंडली की तिचं फिरणं बंद पडतं. स्वेटरची लोकर, गोधडीतली जुनी लुगडी, पक्ष्यांची पिसं, बर्फावरचा भुसा, सगळीकडे खरं काम ही कोंडलेली हवाच करते. लोकर आणि भुसा म्हणजे फक्त तिचे तुरुंग.

भुशाच्या ताकदीचा एक जुना पुरावा आपल्याकडचाच आहे. १८३३ मध्ये बॉस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज तळ्यातून कापलेला सुमारे १८० टन बर्फ घेऊन कोलकात्याला निघालं. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचा हा उद्योग. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडायचं, यंत्राने गार करण्याची कसलीच सोय नाही. जहाजाच्या पोटात बर्फाभोवती लाकडी फळ्या, झाडाच्या सालीचा भुसा आणि गवत यांची भर होती, तेवढीच. कोलकात्याला पोचला तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढे मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला आणि तो साठवायला खास आइस हाउस बांधावं लागलं.

चार महिने ज्यावर निभावले त्यावर चार मिनिटं का निभावणार नाहीत?

मेरँग म्हणजे खाता येणारा भुसा. त्यातले बुडबुडे इतके बारीक असतात की डोळ्यांना फक्त पांढरेपणा दिसतो, आणि प्रत्येकात चिमूटभर हवा कैद असते. अशा दोन सेंटिमीटर थरातून उष्णता आत जायची तर तिला हजारो बुडबुड्यांच्या भिंतींवरून वळसे घेत जावं लागतं.

मेरँगला मदत करणाऱ्या आणखी तीन गोष्टी आहेत, आणि त्यांच्याकडे सहसा कुणी पाहत नाही.

पहिली म्हणजे ओव्हनमधली हवा स्वतःच आळशी. २३० अंशांच्या ओव्हनमध्ये तुम्ही हात घालून पटकन बाहेर काढू शकता, पण त्याच ओव्हनमधल्या पत्र्याला बोट लागलं तर फोड येतो. दोन्हींचं तापमान एकच आहे. फरक फक्त उष्णता किती वेगाने तुमच्यापर्यंत पोचते याचा.

दुसरी, मेरँगमधलं पाणी. पाणी शिल्लक असेपर्यंत तो थर १०० अंशांच्या पुढे जात नाही, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. बाहेर २३० अंश असले तरी फक्त अगदी वरचा पापुद्रा कोरडा होऊन त्याहून तापतो. बदामी रंग येतो तो तिथेच.

तिसरी म्हणजे बर्फाचा हट्ट. शून्य अंशांवरचा एक ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला सुमारे ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेत ते एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणजे थोडी उष्णता आत घुसलीच तरी आईस्क्रीम ती बरीचशी पचवून टाकतं. हा हिशोब शुद्ध बर्फाचा झाला. आईस्क्रीममध्ये साखर विरघळलेली असते, त्यामुळे ते शून्याच्या बरंच खाली असतानाच मऊ पडायला लागतं. सुरुवातीचं तापमान महत्त्वाचं आहे ते म्हणूनच, आणि त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

या पदार्थाचं श्रेय काही जण बेंजामिन थॉम्पसन ऊर्फ काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाला देतात. अमेरिकेत जन्मलेला हा माणूस म्युनिकमध्ये तोफांच्या नळ्यांना भोकं पाडताना निघणारी उष्णता मोजत बसायचा, आणि उष्णता म्हणजे कुठला द्रव नसून हालचाल आहे असं त्याने १७९८ मध्ये मांडलं. लोकर, पिसं, फर यांत ऊब टिकते ती अडकलेल्या हवेमुळे, हेही त्याने प्रयोगांनी दाखवलं होतं. त्यामुळे बेक्ड अलास्का त्याच्या नावावर खपतो खरा, पण त्याने तो खरंच केला यावर माझा विश्वास नाही. गोष्ट फारच चपखल बसते म्हणून लोकांनी चिकटवली असावी.

दुसऱ्या एका शास्त्रज्ञाची गोष्ट मात्र पक्की आहे. निकोलस कुर्ती हे ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ. आयुष्यभर अतिशीत तापमानावर काम केलेले. १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये स्वयंपाकातल्या भौतिकशास्त्रावर व्याख्यान देताना त्यांनी हाच पदार्थ उलटा करून दाखवला: बाहेर गोठलेला आणि आत गरम. ही करामत मायक्रोवेव्हची. त्या लहरी पाण्याला झपाट्याने तापवतात, पण गोठलेल्या बर्फातून फारशा न अडता पार होतात. त्यामुळे बाहेरचं कवच गार राहिलं आणि आतलं गोड सारण तापलं. त्याला त्यांनी 'फ्रोझन फ्लोरिडा' म्हटलं. आपल्यासाठी यातला धडा एवढाच की घरच्या मायक्रोवेव्हच्या साध्या मोडवर बेक्ड अलास्का कधीही करू नका. रंग तर येणार नाहीच, आणि लहरी गोधडीला न जुमानता आत शिरतील. कन्व्हेक्शन मोड असेल तर तो चालतो.

फेसाचं अंतरंग

अंड्याच्या पांढऱ्या भागात ९० टक्के पाणी असतं आणि उरलेल्यात बहुतेक प्रथिनं. ही प्रथिनं म्हणजे गुंडाळून ठेवलेल्या दोऱ्याचे गुंडे समजा. बीटर फिरायला लागला की गुंडे उलगडतात. उलगडलेल्या दोऱ्याचा काही भाग पाण्याला धरून राहतो, काही भागाला पाण्याचा तिटकारा असतो आणि तो हवेकडे पळतो. हवा आणि पाणी जिथे भेटतात तिथेच, म्हणजे बुडबुड्याच्या भिंतीवर, दोघांची सोय होते. तिथे दोरे एकमेकांना धरून जाळं विणतात आणि बुडबुडा फुटायचा थांबतो. अशा प्रकारे पांढरा भाग मूळच्या आठपटीपर्यंत फुगू शकतो.

पिवळ्या बलकाचा एक थेंबही यात नको, असं प्रत्येक पाककृतीत असतं. कारण बलकात मेद असतो आणि त्यालाही बुडबुड्याच्या भिंतीवरच जागा हवी असते. तो तिथे जाऊन बसतो, पण जाळं विणत नाही. फुकटच्या जागा अडवणाऱ्या प्रवाशासारखा. म्हणूनच प्लास्टिकचं भांडं टाळायचं, कारण त्याला तेलाचा ओशटपणा चिकटून राहतो. स्टील किंवा काच घ्या, लिंबाच्या फोडीने आतून पुसून कोरडं करा. अंडी फ्रिजमधून काढल्या काढल्या फोडा, गार बलक सहज फुटत नाही. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडून मग मोठ्या भांड्यात ओता. तिसऱ्या अंड्याचा बलक फुटून आधीची दोन वाया घालवण्याचा अनुभव एकदा घेतला, तेवढा पुरे.

जाळं विणलं गेलं नाही तर फेस बसतो, फार घट्ट विणलं गेलं तरी बिघडतो. दोरे एकमेकांना इतके आवळून धरतात की मधलं पाणी पिळून बाहेर पडतं. फेस रवाळ दिसतो आणि भांड्याच्या तळाशी पाणी साचतं, फुटलेल्या दह्यासारखं. थोडी आंबट गोष्ट ही आवळाआवळी लांबवते, म्हणून तीन अंड्यांना पाव चमचा क्रीम ऑफ टार्टर किंवा चमचाभर लिंबाचा रस. साखरही तेच काम करते, आणि वर पाणी दाटसर करून बुडबुड्यांतून ते निथळायला वेळ लावते.

आता प्रश्न येतो कच्च्या अंड्याचा. साधा मेरँग, ज्याला फ्रेंच पद्धत म्हणतात, त्यात पांढरा भाग नुसता फेटतात आणि हळूहळू साखर घालतात. तो चार मिनिटं ओव्हनमध्ये गेला की बाहेरून भाजतो, पण आतला भाग कच्चाच राहतो. का, ते वर सांगून झालंच आहे: जी गोधडी आईस्क्रीमला वाचवते, तीच साल्मोनेलाच्या जंतूंनाही वाचवते. म्हणून बेक्ड अलास्कासाठी फ्रेंच पद्धत मी बाद ठरवतो, पुस्तकात काहीही लिहिलेलं असो.

उरतात दोन पद्धती. इटालियन पद्धतीत साखरेचा उकळता पाक फेसात बारीक धारेने सोडतात. हा पाक ११८ अंशांच्या आसपासचा, म्हणजे आपल्याकडचा गोळीबंद: थेंब पाण्यात टाकला की मऊ गोळी होते. आजी-काकूंकडून पाकाची तार ओळखायला शिकलेल्यांना थर्मामीटरची गरज पडणार नाही. पण एका हातात उकळता पाक आणि दुसऱ्या हातात चालू बीटर, हे दृश्य मला तरी झेपत नाही.

मी स्विस पद्धत करतो. तीन अंड्यांचा पांढरा भाग, साधारण ९० ग्रॅम, आणि १५० ग्रॅम बारीक साखर, लिंबाच्या रसासह एका स्टीलच्या भांड्यात एकत्र करायची. खाली पातेल्यात थोडं पाणी मंद उकळत ठेवून हे भांडं त्यावर असं बसवायचं की तळ पाण्याला टेकणार नाही. सतत ढवळत राहायचं. मिश्रण ७१ अंशांना पोचलं की जंतूंची भीती संपते. एरवी पांढरा भाग साठीच्या पुढे जाताच गोठायला लागतो, पण एवढी साखर असली की उशिरा गोठतो, म्हणून ऑमलेट होत नाही. इथे थर्मामीटर वापराच. मिश्रण दोन बोटांत चोळून साखरेचा कण लागत नाही हे पाहणं चांगलं, पण ती साखर विरघळल्याची खूण झाली, अंडं सुरक्षित झाल्याची नव्हे.

मग खाली उतरवून बीटर लावायचा आणि भांडं बाहेरून पूर्ण गार लागेपर्यंत फेटायचं. सात-आठ मिनिटं लागतात, कधी दहा. बीटर उचलल्यावर फेसाचं टोक उभं राहिलं, मान टाकली नाही, आणि वर तुकतुकीत चमक आली की झालं. हा फेस तासभर काय, रात्रभरही मान टाकत नाही, आणि पुढे त्याचाच फायदा घ्यायचा आहे.

अंडं चालत नसेल तर

कित्येक घरांत समोरचं माणूस अंडं खात नाही आणि तेव्हा हा सगळा बेत बारगळतो. बारगळायला नको. डाळ शिजताना वर येणारा फेस सगळ्यांनी पाहिलाय. कडधान्यांतली प्रथिनं आणि सॅपोनिन नावाची साबणासारखी द्रव्यं पाण्यात उतरतात, आणि तीही बुडबुड्यांच्या भिंती धरून ठेवतात. २०१४ मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच गायकाने कडधान्याच्या पाण्याचा असा फेस करून दाखवला. पुढच्या वर्षी गूस वोल्ट या अमेरिकी माणसाने त्याला 'अ‍ॅक्वाफाबा' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये पाणी आणि शेंग. पुरणाच्या डाळीचा कट जपून ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे सुचायला हवं होतं, पण आपण त्याची आमटी केली. तोटा झाला असं मी म्हणणार नाही.

काबुली चणे रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात मीठ न घालता शिजवा. गाळलेलं पाणी अंड्याच्या पांढऱ्या भागाइतकं सरबरीत होईपर्यंत आटवा आणि फ्रिजमध्ये पूर्ण गार करा. मग क्रीम ऑफ टार्टर घालून फेटा, मधून मधून दळलेली साखर घाला. दहा-पंधरा मिनिटं लागतात, बीटरवर दया येते, पण फेस होतो आणि चण्याचा वास साखरेत जवळजवळ हरवतो. मर्यादा एकच: अंड्यातली प्रथिनं तापल्यावर गोठून घट्ट होतात, ही तशी होत नाहीत. त्यामुळे ओव्हनमध्ये हा फेस खचू शकतो. याला गॅस टॉर्चनेच रंग द्या आणि लगेच वाढा.

रचना

दोघांसाठी पाव लिटरची वाटी किंवा छोटा बोल पुरतो. आतून क्लिंग फिल्म लावा, कडा बाहेर लोंबू द्या. जरासं मऊ केलेलं आईस्क्रीम त्यात दाबून भरा. पोकळी राहिली तर कापताना दिसते. वर दीड-दोन सेंटिमीटर जाडीची स्पंज केकची चकती बसवा. केकही हवेच्या बुडबुड्यांचाच बनलेला असतो, तो खालून येणारी उष्णता अडवतो. म्हणून क्रीमवाला किंवा पाकात भिजलेला केक नको. ओल्या स्वेटरने ऊब मिळत नाही तसंच. ही वाटी रात्रभर फ्रीजरमध्ये.

फ्रीजर उणे १८ अंशांचा हवा. एका दाराच्या जुन्या फ्रिजमधला वरचा कप्पा बहुधा एवढा गार नसतो. साधी परीक्षा म्हणजे रात्रभर ठेवलेल्या आईस्क्रीममध्ये चमचा सहज घुसला, तर त्या फ्रीजरच्या भरवशावर राहू नका.

आईस्क्रीम कुठलं? मेरँग भयंकर गोड असतो, त्यामुळे आत गोडावर गोड नको. गडद चॉकलेट, कॉफी, जांभूळ, किंवा महाबळेश्वरची आंबट-गोड स्ट्रॉबेरी. हापूसचं आईस्क्रीम मी करून पाहिलं. दोन घासांनंतर पाणी मागावं लागलं. कुल्फीचा मोह होईल, पण ती घुसळलेली नसते, तिच्यात हवा जवळजवळ नसते, आणि दगडासारख्या कुल्फीवर सुरी चालवताना वरचा सगळा शृंगार उतरतो. वेष्टनावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलेलं असेल तर ते वनस्पती तेलाचं असतं. चालेल, पण एवढ्या खटाटोपाला दुधाचं आईस्क्रीम शोभतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेरँग फेटा. आईस्क्रीमची वाटी एका स्टीलच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या ताटलीत उपडी करा, म्हणजे केक खाली येईल, आणि क्लिंग फिल्म सोलून काढा. इथे एक धोक्याची सूचना: काचेची किंवा चिनी मातीची प्लेट फ्रीजरमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नका, तडकते. जुन्या पाककृतींत लाकडी फळी वापरतात, कारण लाकूडही उष्णता नीट वाहत नाही.

मेरँग चमच्याने थापा, कुठेही दोन सेंटिमीटरहून पातळ नको. मग चमच्याच्या पाठीने ओढून टोकं काढा. ही टोकं निव्वळ शोभेची नाहीत, बारीक असल्यामुळे ती आधी भाजतात आणि बाकीचा डोंगर पांढरा राहतो. सर्वांत महत्त्वाची जागा मात्र सगळ्यांत खाली आहे. मेरँग केकच्या कडेवरून उतरून ताटलीला सगळीकडून चिकटला पाहिजे.

हे मला कसं कळलं? आमच्या लग्नाच्या चौथ्या वाढदिवशी मी वरून सुरेख टोकं काढली आणि मागच्या बाजूला बोटभर फट ठेवली. ओव्हनच्या काचेतून डोंगर झकास दिसत होता. टेबलावर आणला, दिवे मंद केले, आणि बायको म्हणाली, "अरे, याला गळती लागलीय." फटीतून गरम हवेने वाट काढली होती आणि कॉफी आईस्क्रीम टेबलक्लॉथवर पसरत चाललं होतं. आम्ही ते वाट्यांतून प्यायलो. चव उत्तम होती, हे तिने अजूनही नाकारलेलं नाही.

मेरँग लावून झाला की सगळं परत फ्रीजरमध्ये, संध्याकाळपर्यंत. साखर आणि हवा भरपूर असल्याने मेरँग दगडासारखा गोठत नाही, मऊच राहतो. मुंबईत पावसाळ्यात मेरँगच्या कुरकुरीत कुकीज हवेतलं पाणी ओढून चिकट होतात, पण अलास्काला ती चिंता नाही. तो कुरकुरीत असायचाच नसतो.

चार मिनिटं

जेवायला बसताना ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) २३० अंशांवर लावा. पुरता तापायला पंधरा-वीस मिनिटं जातात आणि अर्धवट तापलेला ओव्हन हा या पदार्थाचा शत्रू. रंग यायला उशीर लागतो आणि तेवढ्या वेळात उष्णता आत पोचते. फक्त वरचा रॉड चालू ठेवता येत असेल तर उत्तम. टोकं रॉडपासून चार बोटं तरी लांब राहतील असं पाहा, कारण फेसाला आग लागलेली मी पाहिली आहे.

मग ताटली फ्रीजरमधून थेट आत. मध्ये ओट्यावर ठेवून फोटो काढत बसू नका. दोन मिनिटांनी काचेला नाक लावून उभं राहा. बदामी रंग १४० अंशांच्या पुढे चढायला लागतो आणि एकदा चढायला लागला की थांबत नाही. बदामीचा काळा व्हायला अर्धं मिनिट पुरतं.

गॅस टॉर्चने हेच काम टेबलावर, समोरच्या माणसाच्या डोळ्यांदेखत करता येतं. ओव्हनइतका एकसारखा रंग येत नाही, पण नाट्य जास्त. पेटवून आणायची हौस असेल तर धुऊन कोरडं केलेलं अंड्याचं अर्धं कवच शिखरावर वाटीसारखं रोवून ठेवा, त्यात दोन चमचे कोमट केलेली रम घाला आणि लांब काडीने पेटवा. बाटलीतून थेट ओतायचं नाही, पंखा बंद, ओढणी-पदर आवरलेला. ज्वाळा निळी असते, दिवे मालवल्याशिवाय दिसत नाही.

कापायला सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, प्रत्येक कापाआधी. तुकडा उभा राहिला पाहिजे: बदामी कडा, पांढरा पट्टा, आईस्क्रीम, केक. पहिल्या घासात गरम, मऊ आणि गोठलेलं एकदम तोंडात येतं, आणि बोलणं काही क्षण थांबतं. उरवायचं मात्र नाही. एकदा भाजलेला मेरँग पुन्हा फ्रीजरमध्ये गेला की त्याला पाणी सुटतं.

राहिले तीन पिवळे बलक. गोव्याच्या बेबिंकाला असे डझनावारी बलक लागतात, पण तीनांत बेबिंका होत नाही. आमच्याकडे ते दुसऱ्या दिवशी सकाळी कांदा, मिरची आणि दोन अख्ख्या अंड्यांबरोबर भुर्जीत जातात, पावाबरोबर. ती भुर्जी बायको करते.